मानसिक आजारांचे लोकसंख्या-सर्वेक्षण कसे आखावे : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

भारतात १९६० च्या दशकापासून मानसिक आजारांची जी सर्वेक्षणे झाली, त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले तर नवा अभ्यासक गोंधळून जातो. दर हजार लोकांमागे मानसिक विकार असलेल्यांची संख्या एका अभ्यासात ९.५ निघते, तर दुसऱ्यात ३७०. १९९८ मध्ये रेड्डी आणि चंद्रशेखर यांनी अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा हा आकडा हजारी ५८.२ आला, २००० साली गांगुली यांच्या मांडणीत तो ७३ झाला. एका देशातल्या माणसांमध्ये जवळजवळ चाळीस पटींचा फरक असणे शक्य नाही. यातला बराचसा फरक आखणीतून येतो : कोणाला विचारले, कोणी विचारले, कुठे बसून विचारले, कोणत्या काळाबद्दल विचारले आणि आजार कशाला म्हटले. म्हणून सर्वेक्षणाचा आकडा किती विश्वासार्ह असेल, हे पहिल्या मुलाखतीच्या आधीच बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते.

हा लेख सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, मानसशास्त्राचे पदव्युत्तर संशोधक आणि आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मराठवाड्यातील एका ग्रामीण तालुक्यातील प्रौढांचे सर्वेक्षण डोळ्यांपुढे ठेवले आहे. राज्य किंवा देश पातळीवर पसारा वाढतो, पण कामाचे टप्पे तेच राहतात.

पहिली पायरी : हा आकडा कोणाला आणि कशासाठी हवा आहे?

'आमच्या तालुक्यात मानसिक आजार किती आहेत ते पाहायचे आहे' एवढ्यावर आखणी करता येत नाही. आकडा हाती आल्यावर कोण कोणता निर्णय घेणार, हे एका वाक्यात लिहून काढावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना नैराश्याच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यायचे असेल, तर नैराश्य आणि चिंताविकार यांचे सध्याचे प्रमाण आणि त्यांतील किती जणांना उपचार मिळतात, हे कळायला हवे. दारूच्या प्रश्नावर काम उभे करायचे असेल, तर प्रश्न, वयोगट आणि घरी जाण्याची वेळसुद्धा बदलते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण या दृष्टीने प्रत्येक नवोदिताने बारकाईने वाचावे. त्यात ३९,५३२ जणांच्या मुलाखती झाल्या. प्रौढांमध्ये कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराचे सध्याचे प्रमाण १०.६ टक्के आणि आयुष्यभरातील प्रमाण १३.७ टक्के आढळले. त्याहून मोलाचा निष्कर्ष ट्रीटमेंट गॅपचा होता : वेगवेगळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. आजारांच्या मोजणीबरोबर उपचार, अपंगत्व आणि कुटुंबावरचा भार यांचे प्रश्नही आधीपासून आखलेले असल्यामुळेच हा निष्कर्ष निघू शकला. त्या पहिल्या फेरीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते. त्यामुळे त्यातला राष्ट्रीय आकडा आपल्या जिल्ह्याला तसाच लावणे योग्य नाही.

याच पायरीवर कालमर्यादाही ठरवावी : सध्याचा आजार मोजायचा, गेल्या बारा महिन्यांतला, की आयुष्यभरातला? नव्या माणसाला आयुष्यभराचा आकडा मोठा म्हणून आकर्षक वाटतो. परंतु वीस वर्षांपूर्वीचा नैराश्याचा काळ माणसे विसरतात किंवा 'तेव्हा दिवसच वाईट होते' म्हणून त्याची आजारात गणना करीत नाहीत. तरुणांपेक्षा वृद्धांमध्ये आयुष्यभराचे प्रमाण कमी निघावे, ही उलटी गोष्ट अनेक देशांत दिसली आहे आणि तिचे एक मोठे कारण विस्मरण हे आहे. सेवांचे नियोजन करायचे असेल, तर माझ्या मते पहिल्या सर्वेक्षणात सध्याचा आजार मोजावा आणि जमल्यास बारा महिन्यांचा जोडावा.

दुसरी पायरी : कोणाची लोकसंख्या, आणि तिच्यातून कोण निसटते?

घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत घर नसलेला माणूस येत नाही. मनोरुग्णालयातले रुग्ण, तुरुंगातले कैदी, वसतिगृहातले विद्यार्थी, बसस्थानकावर किंवा देवस्थानाच्या आवारात राहणारी माणसे, सगळी बाहेर राहतात. तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे प्रमाण यांतल्या काही गटांत जास्त असते. त्यांना नमुन्यात आणता येत नसेल, तर अहवालात ते स्पष्ट लिहावे.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न हंगामी स्थलांतराचा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक या भागांतल्या कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत हवा चांगली म्हणून सर्वेक्षण ठेवले, तर काही तांड्यांवर आणि वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले एवढीच भेटतील. कर्जाची उचल, सततची ओढाताण आणि तुटलेली झोप यांचा भार ज्यांच्यावर सर्वांत जास्त असू शकतो, तेच जोडपे नेमके यादीतून गळते. अशा तालुक्यात क्षेत्रकाम गुढीपाडव्यानंतर आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधी उरकावे. ते शक्य नसेल, तर साखर कारखान्यांच्या तळांवर जाऊन मुलाखती घेण्यासाठी वेगळा नमुना आखावा. 'घर बंद' एवढाच शेरा लिहून पुढे जाऊ नये, कारण बंद घर ही मजुरांच्या तालुक्यात योगायोगाने घडलेली गोष्ट नसते.

वयोगटाबद्दल थोडक्यात : अठरा वर्षांखालील मुलांसाठी प्रश्नावली वेगळी असते, पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतात, आणि मुलाखत घेण्याचे कसबही वेगळे असते. पहिल्याच सर्वेक्षणात दोन्ही गट घेण्याचा मोह टाळावा.

तिसरी पायरी : नमुना किती मोठा आणि कसा निवडायचा?

शितावरून भाताची परीक्षा करायची तर शिते भांड्याच्या सर्व थरांतून उचललेली हवीत आणि पुरेशी हवीत. आधी पुरेशी म्हणजे किती ते पाहू.

समजा, सामान्य मानसिक विकारांचे (म्हणजे नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांचे) अपेक्षित प्रमाण १० टक्के आहे आणि आपल्याला आकडा दोन टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने हवा आहे. नेहमीच्या सूत्राने १.९६ (९५ टक्के खात्रीसाठी वापरायची संख्या) चा वर्ग, गुणिले ०.१०, गुणिले ०.९०, भागिले ०.०२ चा वर्ग, म्हणजे सुमारे ८६५ माणसे लागतात. अनेक प्रबंध इथेच थांबतात आणि चुकतात. हे सूत्र तालुक्यातील प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे, चिठ्ठ्या टाकून निवडल्यावर लागू होते. आपण प्रत्यक्षात गावे निवडतो आणि एका गावातून अनेक माणसे घेतो. एका गावातल्या माणसांचा दुष्काळ एक, दारूचे दुकान एक, रस्ता एक. त्यांची उत्तरे काही अंशी सारखी असतात, त्यामुळे तिसावा माणूस पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही.

ही भरपाई डिझाइन इफेक्टने, म्हणजे नमुना किती पट वाढवावा हे सांगणाऱ्या संख्येने करतात. गावातील साम्याचा गुणांक ०.०३ धरला आणि एका गावातून ३० माणसे घेतली, तर डिझाइन इफेक्ट १ + २९ × ०.०३, म्हणजे १.८७ येतो आणि ८६५ चे १,६१८ होतात. एका गावातून १५ च माणसे घेतली, तर तो १.४२ येतो आणि १,२२९ माणसे पुरतात. पहिल्या पर्यायात ५४ गावे, दुसऱ्यात ८२ गावे. मुलाखती कमी करायच्या तर प्रवास वाढतो. जीपचे भाडे, मुक्कामाची सोय आणि मुलाखतकारांची संख्या समोर ठेवूनच ही निवड करावी. त्यावर नकार देणाऱ्यांसाठी आणि न भेटणाऱ्यांसाठी वाढ धरावी लागते. १५ टक्के माणसे हाती लागणार नाहीत असे मानले, तर १,६१८ ला ०.८५ ने भागून सुमारे १,९०४ जणांपर्यंत पोहोचण्याची तयारी ठेवावी.

विरळ आजारांबाबत मात्र अपेक्षा आवरावी. राष्ट्रीय सर्वेक्षणात स्किझोफ्रेनिया आणि त्यासारख्या विकारांचे सध्याचे प्रमाण सुमारे ०.४ टक्के होते. आपल्या १,६१८ जणांत असे सहा-सात जण सापडतील आणि त्यावरून काढलेला अंदाज सुमारे ०.१ पासून ०.८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकेल. एवढ्या सहा-सात जणांची पुन्हा स्त्री-पुरुष, शिक्षण, उत्पन्न अशी विभागणी करून तक्ते छापणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. तीव्र मानसिक आजार हाच विषय असेल, तर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, शिक्षक यांच्याकडून माहिती घेऊन रुग्णांचा शोध घेण्याची वेगळी पद्धत वापरावी आणि तिच्यातून घरात झाकलेले रुग्ण सुटतात हेही लक्षात घ्यावे.

आता गावांची निवड. तालुक्यातील गावांची लोकसंख्येसह यादी करावी आणि प्रत्येक गावापुढे तोपर्यंतची एकूण बेरीज लिहीत जावे. एकूण लोकसंख्या १,६२,००० असेल आणि ५४ गावे हवी असतील, तर अंतर ३,००० चे होते. १ ते ३,००० मधली एक संख्या यादृच्छिक पद्धतीने घ्यावी. समजा ती १,२७४ निघाली. मग १,२७४, ४,२७४, ७,२७४ अशा संख्या ज्या ज्या गावाच्या बेरजेत पडतील, ती गावे निवडली जातात. मोठे गाव दोनदाही निवडले जाऊ शकते आणि तसे झाले तर तिथून दुप्पट घरे घ्यावीत. लोकसंख्येच्या प्रमाणात गाव आणि प्रत्येक निवडीला सारखी घरे, या जोडीमुळे लहान-मोठ्या गावांतील घरांना जवळपास समान संधी मिळते.

यादीसाठी बहुतेक जण २०११ च्या जनगणनेचा आधार घेतात. तेवढ्यावर विसंबू नये. निवडलेल्या प्रत्येक गावात आधी फिरून घरांची ताजी यादी आणि साधा नकाशा तयार करावा. गावठाणापासून दूर असलेल्या वाड्या, तांडे, शेतातली घरे आणि वीटभट्टीवरची खोपटी या वेळीच नोंदली जातात. नंतर आठवण होऊन उपयोग नसतो. चावडीपासून सुरुवात करून उजव्या हाताची घरे घेत जाण्याची जुनी पद्धत सोपी आहे, पण तिच्यात गावाच्या मध्यातली, बहुधा बऱ्या स्थितीतली घरे जास्त येतात आणि कडेची वस्ती वगळली जाते. आपल्याकडे गावाची कड म्हणजे बहुतेक वेळा जातीची आणि गरिबीचीही कड असते. त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नये.

घर ठरल्यावर घरातला माणूसही चिठ्ठीनेच ठरावा. लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये यासाठी तक्ता सुचवला. आज टॅबलेटवर हे काम आपोआप होते. जो समोर भेटला त्याचीच मुलाखत घेतली, तर दुपारी घरी असलेल्या स्त्रिया आणि वृद्ध जास्त येतात आणि कामावर गेलेले पुरुष निसटतात. मग दारूचे प्रमाण कमी निघते. निवडलेली व्यक्ती नसेल, तर संध्याकाळी, बाजाराचा दिवस टाळून, किमान तीनदा जावे आणि तरीही ती भेटली नाही तर शेजारच्या घरातील माणूस बदली घेऊ नये. सहा प्रौढांच्या घरातून एक निवडला, तर त्याची निवड होण्याची शक्यता एकट्या राहणाऱ्याच्या तुलनेत सहावा हिस्सा असते. विश्लेषणात त्याला सहापट भार द्यावा लागतो, म्हणजे त्याचे उत्तर सहा जणांचे धरावे लागते, म्हणून घरातील प्रौढांची संख्या प्रत्येक नोंदीत असायलाच हवी.

चौथी पायरी : चाळणी आणि निदान यांतला फरक ओळखणे

नवोदितांकडून सर्वांत मोठी चूक इथे होते. पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी), जीएडी-७ (चिंतेसाठी), एसआरक्यू-२० (एकूण मानसिक त्रासासाठी) या प्रश्नावल्या चाळणीसाठी आहेत. पीएचक्यू-९ मध्ये ० ते २७ पैकी १० किंवा अधिक गुण मिळाले म्हणजे त्या व्यक्तीला नैराश्य आहे, असे निदान होत नाही. तिची पुढे तपासणी व्हावी एवढाच त्याचा अर्थ.

हिशेब करून पाहू. हजार माणसांत नैराश्याचे खरे रुग्ण ५० आहेत. चाळणी खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर वगळते. म्हणजे चाळणी चांगलीच म्हणायची. ती ५० पैकी ४० रुग्ण पकडेल, पण ९५० निरोगी माणसांपैकी ९५ जणांवरही चुकून खूण करेल. एकूण १३५. अहवालात 'नैराश्याचे प्रमाण १३.५ टक्के' असे छापले जाईल, खरे प्रमाण ५ टक्के असताना. चाळणीची क्षमता आपल्याच लोकसंख्येत तपासलेली असेल, तर गणिताने दुरुस्ती करता येते : ०.१३५ मध्ये ०.९० मिळवून १ वजा करावा आणि उत्तराला ०.८० व ०.९० यांच्या बेरजेतून १ वजा करून भागावे; ०.०३५ भागिले ०.७०, म्हणजे पुन्हा ०.०५. ही क्षमता दुसऱ्या ठिकाणाहून उसनी आणली, तर दुरुस्तीही उसनीच ठरते.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांवर अशा पाच प्रश्नावल्यांची तुलना झाली आणि ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी-कोकणी पट्ट्यात काम करणाऱ्याला हा अभ्यास जवळचा वाटतो. परंतु दवाखान्यात आलेला माणूस आणि घरी बसलेला माणूस यांच्यात फरक असतो. दवाखान्यासाठी ठरलेली गुणांची रेषा घरोघरच्या पाहणीत तशीच वापरू नये.

निदानासाठी रचलेल्या मुलाखती वेगळ्या असतात. राष्ट्रीय सर्वेक्षणात मिनी ही तुलनेने आटोपशीर मुलाखत वापरली गेली. सीआयडीआय ही जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित मुलाखत अधिक लांब आणि तपशीलवार आहे. ही दोन्ही साधने प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले मुलाखतकार वापरू शकतात. स्कॅन या मुलाखतीसाठी मात्र मानसिक आजारांचा प्रत्यक्ष अनुभव असलेली व्यक्ती लागते. साधने वापरण्याआधी त्यांच्या परवान्याची चौकशी करावी. काही मोफत आहेत, काही नाहीत.

मर्यादित निधीत मला दोन टप्प्यांची रचना सर्वांत योग्य वाटते. पहिल्या टप्प्यात सर्वांची चाळणी. दुसऱ्यात चाळणीत सापडलेले सगळे आणि न सापडलेल्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेले काही, साधारण दहापैकी एक, यांची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी. तज्ज्ञाला चाळणीचा निकाल माहीत नसावा. न सापडलेल्यांना वगळले, तर चाळणीतून किती रुग्ण निसटले हे कधीच कळणार नाही. या रचनेचा तोटा म्हणजे दुसऱ्या भेटीपर्यंत माणसे गळतात, म्हणून दोन्ही भेटींत एका आठवड्याहून जास्त अंतर पडू देऊ नये.

एकाच कुळातले साधन वापरले म्हणून आकडे तुलनेला योग्य ठरत नाहीत, याचेही भान ठेवावे. पुण्यात तीन हजारांवर प्रौढांच्या सीआयडीआय मुलाखती झाल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयुष्यभराचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. अमेरिकेत त्याच कुळातल्या मुलाखतीने २००१ ते २००३ या काळातल्या सर्वेक्षणात ४६.४ टक्के दाखवले. काही फरक खरा असेल, काही न सांगण्याचा, काही प्रश्न न भिडण्याचा. यातले किती कशामुळे, हे तज्ज्ञांच्या पडताळणीशिवाय वेगळे काढता येत नाही.

प्रश्नांच्या क्रमालाही महत्त्व आहे. अमेरिकेत १९९० ते १९९२ या काळात रोनाल्ड केसलर यांच्या चमूने सर्वेक्षण केले, तेव्हा असे आढळले की एखाद्या प्रश्नाला 'हो' म्हटले की त्यामागून दहा प्रश्न येतात हे लोकांच्या लवकर लक्षात येते आणि मग ते 'नाही' म्हणू लागतात. उपाय म्हणून प्रत्येक विकाराचे पहिले प्रश्न एकत्र करून मुलाखतीच्या सुरुवातीला विचारले गेले आणि तपशील मागाहून घेतले गेले. हा धडा आजही तितकाच उपयोगी आहे.

पाचवी पायरी : प्रश्न लोकांच्या बोलीत बसवणे

मराठीत भाषांतर करून, ते दुसऱ्याकडून उलट भाषांतरित करून मूळाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. पण तेवढे पुरेसे नाही. वाक्य दोन्ही भाषांत जुळते आणि तरीही माणसाला कळत नाही, असे होते. म्हणून दहा-पंधरा गावकऱ्यांना, त्यांत निम्म्या स्त्रिया आणि काही निरक्षर असावेत, प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा आणि 'यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटलं?' असे विचारावे. मिळालेली उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत.

पीएचक्यू-९ घ्या. त्यात झोपेचा प्रश्न झोप न लागण्याबद्दल आणि जास्त झोपण्याबद्दल एकत्रच आहे, भुकेचाही तसाच. आठवा प्रश्न तर हालचाल मंदावणे आणि अस्वस्थपणे येरझारा घालणे या दोन विरुद्ध गोष्टी एका वाक्यात विचारतो. ऐकणारा पहिला भाग ऐकून उत्तर देतो. अशा प्रश्नांचे दोन भाग सावकाश, थांबून वाचण्याचा सराव मुलाखतकारांकडून करून घ्यावा. 'गेल्या दोन आठवड्यांत' हा कालावधी गावच्या दोन आठवडी बाजारांशी किंवा जवळच्या सणाशी जोडून सांगितला, तर आठवण पक्की होते. 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' यांतला फरक तोंडी समजत नाही. त्यासाठी चौदा ठिपक्यांचे कार्ड हातात द्यावे आणि त्यावर दिवस मोजून दाखवायला सांगावे.

शरीराच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये. गोव्यात १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांच्या पाहणीत अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. आपल्याकडची स्त्री 'उदास वाटतं' असे क्वचित म्हणते. थकवा, कंबरदुखी, जीव घाबरा होणे, डोके जड होणे हे ती सांगते. या तक्रारी निदानात धरायच्या की नाही हे तज्ज्ञ ठरवतील, पण त्या नोंदल्या गेल्याच पाहिजेत.

भास आणि भ्रम यांच्या प्रश्नांना विशेष जपावे. 'इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?' याला 'हो, पौर्णिमेला देवी बोलते' असे उत्तर मिळू शकते. अंगात येणे ही अनेक घरांत मान्य असलेली गोष्ट आहे. प्रश्न गाळू नये आणि उत्तर मनाने बदलूही नये. हे केवळ पूजेच्या वेळी होते की एरवीही, त्याचा त्रास होतो का, कामधाम आणि नाती बिघडली आहेत का, घरच्यांना ते वेगळे वाटते का, एवढे जोडप्रश्न विचारून उत्तर शब्दशः लिहावे आणि निर्णय मानसोपचारतज्ज्ञावर सोपवावा.

सहावी पायरी : मुलाखतकार आणि एकांत

मुलाखतकार त्याच बोलीचे असावेत, त्याच गावाचे नसावेत. आशा ताईंनी घराची ओळख करून द्यावी आणि निघून जावे. ज्यांच्याशी उद्या पाणवठ्यावर गाठ पडणार आहे, त्यांच्यापुढे कोणी मन मोकळे करीत नाही. स्त्रियांच्या मुलाखती स्त्रियांनीच घ्याव्यात.

ग्रामीण घरात एकांत मिळत नाही, तो मिळवावा लागतो. सुनेची मुलाखत सुरू झाली की सासूबाई दाराशी येऊन बसतात, आणि त्यात त्यांचा वाईट हेतू असतोच असे नाही. म्हणून मुलाखतकारांनी जोडीने जावे. एकीने सासूबाईंना आदराने कुटुंबाच्या माहितीचे प्रश्न विचारत ओसरीवर बसवून ठेवावे, दुसरीने परसात किंवा अंगणवाडीच्या खोलीत मुलाखत घ्यावी. मध्येच कोणी आले, तर 'काकू, तुमच्या पाळीव जनावरांबद्दल विचारत होते' अशा साध्या विषयाकडे वळण्याचा सराव आधी करून घ्यावा. एकांत मिळाला, अर्धवट मिळाला की मिळालाच नाही, ही नोंद प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी असावी. विश्लेषणात ती फार उपयोगी पडते. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सूचनेप्रमाणे एका घरातून एकाच स्त्रीला ते विचारावेत आणि गावात सर्वेक्षणाची ओळख आरोग्याची पाहणी अशीच करून द्यावी.

सातवी पायरी : जो त्रास सांगेल, त्याचे पुढे काय?

एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती यांबद्दल भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती मुळातून वाचावीत. इथे एकाच गोष्टीवर भर देतो. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. शेकडो घरांत तो विचारला, तर काही जण 'हो' म्हणणारच. त्या क्षणी मुलाखतकाराने काय करायचे, हे लिहून, पाठ करून आणि सराव करून झाल्याशिवाय क्षेत्रकाम सुरू करू नये.

किमान व्यवस्था अशी असावी : मुलाखतकाराने घाईने पुढचा प्रश्न घेऊ नये, शांतपणे ऐकावे, विचार आत्ता आहेत का, काही ठरवले आहे का, घरात कीटकनाशक हाताशी आहे का, हे विचारावे, धोका तातडीचा असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि पर्यवेक्षकामार्फत ठरवलेल्या डॉक्टरांशी त्याच वेळी फोनवर बोलणे करून द्यावे. टेलिमानस या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाला द्यावा, ज्यांनी 'नाही' म्हटले त्यांनाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. हे मुलाखतकारांना सांगून ठेवावे, म्हणजे पोलिसांच्या भीतीने ते अशी माहिती दडवणार नाहीत.

राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यातील माणसाच्या हाती त्यांचा पत्ता देणे म्हणजे मदत करणे नव्हे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येते, हे आधी जाऊन विचारावे, डॉक्टरांना सर्वेक्षणाची कल्पना द्यावी आणि उपचारांसाठी पाठवण्याच्या चिठ्ठीवर तो वार लिहून द्यावा. जिथे अशी कोणतीच सोय उभी करता येत नाही, तिथे आत्महत्येचे आणि तीव्र आजाराचे प्रश्न विचारू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवी पायरी : पूर्वचाचणी आणि रोजची तपासणी

निवडीत नसलेल्या एका गावात तीस-चाळीस मुलाखतींची संपूर्ण पूर्वचाचणी करावी, अगदी पाठवणीच्या चिठ्ठीपर्यंत. ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स यांसारखी मोफत साधने टॅबलेटवर चालतात आणि नेटवर्क नसतानाही माहिती साठवतात. दर संध्याकाळी वेळेच्या नोंदी पाहाव्यात. चाळीस मिनिटांची मुलाखत बारा मिनिटांत संपली असेल, किंवा एकाच मुलाखतकाराला सलग वीस घरांत एकही 'हो' मिळाला नसेल, तर दुसऱ्याच दिवशी त्या घरी पर्यवेक्षकाने जाऊन काही प्रश्न पुन्हा विचारावेत. नाव-पत्ता आणि उत्तरे वेगळ्या फाइलींत ठेवाव्यात; लहान गावात 'पन्नाशीतली विधवा शिक्षिका' एवढ्या वर्णनावरूनही माणूस ओळखता येतो.

नववी पायरी : विश्लेषण आणि अहवाल

संगणकाला गावांची रचना आणि प्रत्येक व्यक्तीचा भार सांगितल्याशिवाय कोणतेही प्रमाण काढू नये. साध्या टक्केवारीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा) फसवा, म्हणजे गरजेपेक्षा अरुंद येतो. अहवालात प्रत्येक प्रमाणासोबत हा पट्टा छापावा. किती घरे निवडली, किती उघडी सापडली, किती स्त्रिया आणि किती पुरुष भेटले, किती जणांनी नकार दिला, हे पहिल्याच तक्त्यात असावे. चाळणीचा आकडा आणि निदानाचा आकडा वेगवेगळ्या रकान्यांत द्यावेत. शीर्षकात 'आजार' हा शब्द फक्त निदानाच्या आकड्यासाठी वापरावा, कारण वृत्तपत्रे शीर्षकच उचलतात.

निष्कर्ष सर्वप्रथम तालुका आरोग्य अधिकारी आणि आशा सेविकांच्या मासिक बैठकीत मांडावेत, तेही तालुक्याच्या पातळीवरचे. एखाद्या गावाचा वेगळा आकडा जाहीर करू नये, कारण तीस मुलाखतींवरून तो टिकत नाही आणि गावाला नाव ठेवायला मात्र पुरतो. प्रश्नावलीची अंतिम प्रत, प्रश्नांचा क्रम, ठिपक्यांचे कार्ड, मुलाखतकारांची प्रशिक्षण पुस्तिका, गावे निवडताना घेतलेली यादृच्छिक संख्या आणि क्षेत्रकामाच्या तारखा एकत्र जतन कराव्यात. पाच वर्षांनी कोणी याच तालुक्यात पुन्हा मोजणी केली, तर नैराश्य वाढले की केवळ प्रश्न बदलले, हे त्याला या कागदांवरूनच ठरवता येईल.